घरी मोठ्याने का वाचावे?



या वेळी गुरुजींनी मला अभ्यासलेखासाठी 'प्रकट वाचन' हा विषय दिला. प्रकट वाचन म्हणजे मोठ्याने वाचणे. पहिली-दुसरीत आपण सगळेच मोठ्याने वाचतो. पुढे मनातल्या मनात वाचायला शिकवतात, आणि मग मोठ्याने वाचणे हे लहान पोरांचे काम वाटायला लागते. खरे तर त्याचा फायदा लहान पोरांनाच जास्त होतो, पण तो वाचणाऱ्या पोरांना नव्हे, ऐकणाऱ्या पोरांना.

ऐकणारे पोर किती लहान असावे? अभिमन्यूची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पोटात असतानाच त्याने चक्रव्यूहाची विद्या ऐकली. ती पुराणातली गोष्ट झाली. पण पोटातल्या बाळाला शेवटच्या दोन-तीन महिन्यांत आईचा आवाज ऐकू येतो हे शास्त्रही सांगते. अमेरिकेत डीकॅस्पर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली दाखवले, की नुकते जन्मलेले बाळ दुसऱ्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकायला जास्त उत्सुक असते. १९८६ चा त्यांचा प्रयोग तर मला फारच आवडला. बाळंतपणाला दीड महिना राहिला तेव्हापासून काही आयांनी एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचली. बाळ जन्मल्यावर त्याला ती गोष्ट ओळखीची वाटते का, हे पाहायचे होते. आता बाळाला विचारणार कसे? त्याच्या तोंडात रबरी चोखणी दिली. एका तऱ्हेने चोखले की ओळखीची गोष्ट ऐकू येई, दुसऱ्या तऱ्हेने चोखले की नवी गोष्ट. बाळे ओळखीची गोष्ट ऐकू येईल अशा तऱ्हेने चोखू लागली! वाचणारी बाई दुसरी असली तरीसुद्धा. गोष्टीचा अर्थ त्यांना कळला नसणार हे उघडच आहे. त्यांना तिची लय कळली. आपल्या आज्या अंगाई म्हणतात ती काही उगीच नाही.

पुढे बाळ वर्षाचे, दोन वर्षांचे होते तेव्हा त्याला शब्द लागतात. घरात दिवसभर बोलणे चालतेच, पण ते कसले? ये, बस, जेव, उन्हात जाऊ नको, कोंबडी हाकल. हे शब्द पाहिजेतच. पण अरण्य, गुहा, राजवाडा, हेवा, पश्चात्ताप हे शब्द भाकरी थापताना कोण बोलतो? ते पुस्तकात असतात. वाचून दाखवले की ते कानावर पडतात, आणि मूल शाळेत येते तेव्हा ते शब्द त्याला परके वाटत नाहीत. शिवाय ओळीखाली बोट फिरवून वाचले तर लहान मुलाला कोणी न शिकवता समजते, की या काळ्या खुणाच बोलतात, त्या डावीकडून उजवीकडे जातात आणि ओळ संपली की खाली उतरायचे.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली सल्ला दिला, की मूल जन्मल्यापासूनच आईवडिलांनी त्याला वाचून दाखवावे. चांगला सल्ला आहे. पण तो ऐकून आमच्या गल्लीतल्या एक काकू म्हणाल्या, "आम्हाले वाचताच येत नाही, मंग आमच्या पोरांनं काय करावं?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. त्याचे उत्तर मला दूर शोधावे लागले नाही. ते आसोद्यात आणि जळगावातच सापडले.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली आसोदे गावी झाला. लग्न होऊन त्या जळगावला आल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांचा मुलगा सोपानदेव मात्र शाळेत जाई. एकदा त्याने पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्या गोष्टीवर गाणे रचलेले होते! ते ऐकून सोपानदेव चकित झाले आणि आईची गाणी वहीत उतरवून घेऊ लागले. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. नंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' हे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांना गाणी सुचत होतीच, शेतात नि जात्यावर त्या ती म्हणत होत्या. पण मुलाने वाचून दाखवले नसते तर ती वही सुरू झाली असती का, असे माझ्या मनात येते.

म्हणजे घरात वाचता येणारे एक माणूस असले तरी पुरे. ते माणूस आई नसेल तर दुसरी-तिसरीतली बहीण असेल. आईने तेव्हा काय करावे? जवळ बसावे आणि ऐकावे. आई ऐकत बसली की लहान मूलही बसते, हे मी आमच्या घरी पाहिले आहे.

आमच्याकडे धाकटा भाऊ साडेतीन वर्षांचा आहे. तो उशिरा बोलायला लागला. अंगणवाडीच्या ताईंनी आधी कान तपासून घ्यायला सांगितले. कान चांगले निघाले. मग ताई म्हणाल्या, त्याच्याशी भरपूर बोला, चित्रे दाखवा. कापूस वेचणीच्या दिवसांत माय आणि बाबा अंधार पडल्यावर घरी येतात, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. माय चुलीपुढे, आजी खाटेवर, भाऊ आजीच्या मांडीवर, आणि मी खाली पुस्तक घेऊन. पहिले आठ-दहा दिवस त्याने पान ओढण्यापलीकडे काही केले नाही. आजीनेच जास्त मजा घेतली. एका चित्राखाली 'नांगर' छापले होते. आजीने ते निरखून पाहिले आणि म्हणाली की हा नांगर नव्हे, वखर आहे, पुस्तकवाल्यांना शेत माहीत नाही. मग नांगर कोणता, वखर कोणते, तिफण कशी असते, हे ती भावाला हाताने करून दाखवू लागली. त्या दिवशी गोष्ट अर्धीच राहिली. पण असे झाले तर बिघडत नाही, उलट चांगलेच. आता भाऊ प्रत्येक पानाला "मंग?" म्हणतो आणि वाघाच्या पानावर आधीच आजीच्या पदरात तोंड लपवतो. वाचनामुळेच तो बोलू लागला असे मी म्हणणार नाही, कारण मुले आपापल्या वेळेने बोलतात. पण वखर हा शब्द तो बॉलच्या आधी शिकला.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. श्रावणात पोथी लावतात ना? श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' १७०२ सालचा आणि 'रामविजय' १७०३ चा. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्येच थांबून अर्थ सांगतात. ऐकणाऱ्यांत अक्षर न ओळखणारेही असत आणि त्यांना कथा तोंडपाठ असे. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. रोज रात्री श्याम एक गोष्ट सांगतो. रोज एक रात्र वाचली तरी महिन्याहून जास्त पुरते. मात्र ती मोठ्या मुलांसाठी. भावाला ती फार लांब होते.

लहानांसाठी चित्राचे पुस्तक बरे. तेच पुस्तक पुन्हा मागितले तर कंटाळू नये, तेच वाचावे. वाघ आला तर आवाज बदलावा, लाजू नये. मध्येच "आता काय होईल?" विचारावे आणि उत्तराला थांबावे. मोबाईलही गोष्ट सांगतो, पण भावाने "मंग?" म्हटले तरी तो त्याच्यासाठी थांबत नाही. दिवे गेले तर चित्र दिसत नाही, तेव्हा पाठ असलेली गोष्ट सांगावी.

आमच्या वर्गाच्या ग्रंथपेटीत चित्रांची पुस्तके आहेत, आणि बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे अंकही आहेत. ते मासिक १९७१ पासून निघते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वहीत सही करून पुस्तक घरी नेता येते. पालकांनाही मिळते. भावंडाने पान फाडले तर घाबरू नये, खळीने चिकटवून आणावे. भावाने फाडलेली दोन पाने मी तशीच चिकटवली आहेत.