एका ब्लाउजचे परिव्ययपत्रक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने शिवणकामावर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. शिवणकाम फॅशन डिझाइनिंगच्या मुलींचे आणि जमाखर्च आमचा, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. पण २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्रकल्पाच्या निमित्ताने मी सहा आठवडे खडेबाजाराजवळच्या एका बोळातील लेडीज टेलरच्या दुकानात बसले. वर्गात इंग्रजीतून शिकलेले कॉस्ट शीट, म्हणजे परिव्ययपत्रक, मला तिथे पहिल्यांदा नीट समजले. पुढे तेच पत्रक मला अपुरेही वाटू लागले. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझ्या मैत्रिणींनी बँका आणि मोटारींची शोरूम निवडली. मी टेलरचे दुकान निवडले, कारण आमच्या घरी पायाचे जुने शिलाई मशीन आहे आणि मी त्यावर पिशव्या, परकर, उशांचे अभ्रे शिवत असते. आपल्याला यातले थोडे कळते, असा माझा समज होता. तो पहिल्याच आठवड्यात उतरला.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. पुढे काउंटर, मागे चार मशीन, माळ्यावर अस्तराचे गठ्ठे. मालक बिले मराठीत लिहितात, कटिंग मास्तर मापवही कानडीत लिहितात. गिऱ्हाईक चंदगडचे असो, बैलहोंगलचे असो की लग्नाच्या खरेदीला गोव्याहून आलेले असो, मास्तर ज्याच्या त्याच्या भाषेत गळा किती खोल हवा ते विचारतात. मापवहीत मात्र शब्द जवळजवळ नसतातच. उंची, खांदा, छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा हा क्रम ठरलेला, आणि त्या क्रमाने नुसते आकडे. रोजकीर्दीत नावे आणि जमा यांची जागा जशी ठरलेली असते तसेच हे. एक आकडा इकडचा तिकडे झाला की काय होते, हे मी दुसऱ्याच दिवशी पाहिले. मी उतरवून घेतलेल्या एका मापात मुंढ्याच्या जागी बाहीचा घेर पडला होता. मास्तरांनी कापडावर खडू टेकवण्याआधी ते ओळखले. "ही बाई हात वर करायची नाही काय?" एवढेच ते म्हणाले.

आता परिव्ययपत्रकाकडे येते. अस्तराच्या साध्या ब्लाउजची शिलाई त्या दुकानात ४५० रुपये होती. कापड गिऱ्हाईक आणते, म्हणून कच्च्या मालात ते धरायचे नाही. अस्तर, दोरा, हुक आणि गळ्याचे कॅनव्हास मिळून ६० रुपये. कापणीचे मास्तरांना ५०. मशीनवर शिवणाऱ्या कारागिराला नगाप्रमाणे १५०. हुक, काज, हेमिंग या हातशिलाईचे २५. इथपर्यंत प्रत्यक्ष खर्च झाला २८५. भाडे, वीज, इस्त्री, सुया, तेल, मशीनचा घसारा या अप्रत्यक्ष खर्चाचा एका ब्लाउजच्या वाट्याला येणारा भाग मी ७५ रुपये काढला. एकूण परिव्यय ३६०, उरले ९०. हा नफा परिव्ययावर शेकडा २५ आणि विक्रीवर शेकडा २० होतो. हे दोन शेकडे एकच समजण्याची चूक मी पहिल्या वर्षी परीक्षेत केली होती. आता ती होणार नाही.

७५ चा आकडा मात्र लग्नसराईचा आहे, हे ध्यानात ठेवावे. भाडे महिन्याचे असते, ब्लाउजाचे नसते. वैशाखात ते शेकडो नगांवर वाटले जाते. आषाढात लग्ने थांबली की तेच भाडे थोड्या नगांवर येऊन बसते आणि ९० रुपयांतले बरेचसे खाऊन टाकते. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतला फरक पुस्तकात एका परिच्छेदात आहे. मालकांना तो दरवर्षी आषाढात भेटतो.

घसाऱ्याची तर गंमतच आहे. दुकानातली चारपैकी दोन मशीन पुस्तकी किमतीने केव्हाच शून्य झाली असतील, पण टीप अजून सरळ पडते. शिलाई मशीनचा आणि आपल्या विषयाचा संबंध जुना आहे. अमेरिकेत एलियास होवने १८४६ साली आणि आयझॅक सिंगरने १८५१ साली आपापल्या मशीनचे पेटंट घेतले. पण सिंगरचे मशीन घरोघरी गेले ते त्यातल्या सुईपेक्षा हप्त्यांमुळे. १८५६ च्या सुमारास सिंगर कंपनीने थोडे पैसे आधी आणि बाकीचे महिन्याला, अशी विक्री सुरू केली. भाडेखरेदी पद्धतीची उदाहरणे सोडवताना आपण ट्रक आणि यंत्रे घेतो. शिलाई मशीन घ्यायला हरकत नाही.

इथपर्यंत माझा प्रकल्प ठीक चालला होता. मग मी वहीत एक जादा रकाना आखला : 'परत आलेले'. पाच-सहा ब्लाउजांमागे एक तरी दुरुस्तीला परत येई. कुणाचा मुंढा काचे, कुणाचा गळा खांद्यावरून घसरे. मापाला दिलेला जुना ब्लाउजच सैल झालेला असे, किंवा नवरी मुलगी महिन्याभरात बारीक झालेली असे. ही कारणे कुणाच्या हातची नाहीत. पण एक कारण दुकानातलेच होते. सुती अस्तर आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे लागते. तसे केले नाही तर पहिल्या धुण्यात ते आटते, वरचे कापड आटत नाही, आणि ब्लाउजला जागोजाग चुण्या पडतात. गर्दीच्या दिवसांत हा भिजवण्याचा एक दिवस वाचवला जाई. सराईच्या सुरुवातीला शिवलेले असे ब्लाउज मे महिन्यात परत येऊ लागले.

दुरुस्तीला वीस मिनिटांपासून तासभर वेळ जातो. आधी टीप उसवायची, धागे वेचायचे, मग पुन्हा शिवायचे. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, ते योग्यच आहे. कारागिराची मजुरी नगावर, आणि नग एकदा मोजून झालेला. म्हणजे तो तास त्याच्या पदरचा. आमच्या पाठ्यपुस्तकात सामान्य हानी आणि असामान्य हानी असे दोन प्रकार आहेत, आणि दोन्ही धंद्याच्या हिशेबात कुठे दाखवायच्या ते सांगितले आहे. इथे हानी होती, पण ती धंद्याच्या वहीत कुठेच नव्हती. मी मालकांच्या वहीची तीन महिन्यांची पाने चाळली. दुरुस्ती हा शब्द एकदाही आढळला नाही.

उसवण्याला किती वेळ लागतो हे मला पाहून कळले नसते. ते माझ्याच हातांनी शिकवले. आजीच्या ट्रंकेत गुळेदगुड्डचे चार-पाच खण होते, त्रिकोणी घडीचे, ओटीत आलेले. ओटीचा खण ही चीज अशी की तो या घरून त्या घरी फिरत राहतो. माल खेळता असतो, पण वापरला जात नाही. त्यातला एक हिरवा खण मागून घेतला आणि आईसाठी ब्लाउज शिवायचे ठरवले. गुळेदगुड्ड बागलकोट जिल्ह्यात, इलकलही त्याच जिल्ह्यात. इरकली लुगडे आणि खणाची चोळी ही जोडी आपल्या दोन्ही भाषांतल्या बायकांची. खणाला कानडीतही खणच म्हणतात, चोळीला मात्र कुप्पस.

खणाचा पन्हा जुन्या आखूड चोळीच्या हिशेबाचा. आजचा ब्लाउज त्यात बसवणे म्हणजे कोडेच. काठ दोन्ही बाह्यांवर यायला हवा, म्हणून बाह्या कडेनेच काढाव्या लागतात आणि मधल्या कापडात पाठ आणि पुढचे दोन भाग भागवावे लागतात. मी घाबरत मास्तरांना विचारले. ते म्हणाले, "माया ठेव. कापड एकदा कापलं की परत येत नाही, माया असली की उघडता येतं." माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेले जादा कापड. लेखाकर्मात आपण तरतूद म्हणतो तेच हे, पण हा शब्द मला जास्त आवडला.

माया ठेवली, पण बाहीने दगा दिला. बाहीच्या वरच्या गोलाईचा पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त खोल कापतात, कारण हात पुढे येतो. शिवाय ती गोलाई मुंढ्यापेक्षा थोडी मोठी ठेवून शिवताना हलके सामावून घ्यावी लागते. मी डावी बाही उजवीकडे लावली. आईने घालून पाहिला तर दोन्ही काखांत कापड गोळा झाले. उसवायला दोन तास गेले, आणि खणाचे धागे कडेने सुटू लागले ते वेगळेच. सगळा वेळ मी वहीत मांडत होते. हातशिलाई सोडून अकरा तास. दुकानातला कारागीर हेच काम साधारण दीड तासात करतो.

हातशिलाई उरली, तेव्हा मला त्या २५ रुपयांची आठवण झाली. दुकानातले ब्लाउज रोज संध्याकाळी पिशव्यांत भरून वडगाव-खासबागकडे जात आणि सकाळी हुक-काज होऊन येत. हे कोण करते ते मी सहा आठवड्यांत विचारलेच नव्हते. एका संध्याकाळी पिशवी नेणाऱ्या बाईंबरोबर गेले. वडगावात एक मावशी पाच-सहा घरांतल्यांसारखेच हे काम करतात. त्यांच्याकडे दोन संध्याकाळी बसले. पहिल्या दिवशी मी हातावरचे घड्याळ काढून समोर ठेवले. मावशी म्हणाल्या, "ते उचल गे तिथनं. घड्याळ बघितलं की सुई चालत नाही."

उचलले, पण भिंतीवर दुसरे होते. एका ब्लाउजला सहा हुक, तितकेच काज, गळ्याची आणि कमरेची हेमिंग. चाळीस मिनिटे. माझ्या परिव्ययपत्रकातल्या २५ पैकी ५ रुपये पिशवीची ने-आण करणाऱ्या बाईंचे. मावशींना २० मिळतात, आणि दोरा त्यांचाच. म्हणजे तासाला तीस रुपये, दोऱ्याचा खर्च वजा जाता त्याहून कमी. मी हा आकडा सांगितला तेव्हा त्यांना तो पटला नाही. "मी काय तासभर बसून असते? कुकरला शिट्टी होईपर्यंत दोन हुक, पोरगं झोपलं की काज." वेळ असा फुटकळ होऊन वापरला गेला की तो मोजला जात नाही, आणि मोजला गेला नाही की त्याला भाव येत नाही. पर्यायी परिव्यय ही संकल्पना आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी गहू आणि ज्वारीच्या उदाहरणाने शिकवली होती. कुकर आणि काजाचे उदाहरण त्यांना चालेल का, ते विचारायचे राहिले आहे.

नगावर काम करणाऱ्याला किमान वेळेच्या दरापेक्षा कमी पडू नये, अशी तरतूद १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होती, आणि संसदेने २०१९ साली केलेल्या वेतन संहितेतही आहे. पण तरतूद लागू होण्यासाठी कुणीतरी मालक आणि कुणीतरी कामगार असावा लागतो. मावशींचे नाव कुठल्या हजेरीपटावर नाही. दुकानाला त्या माहीत नाहीत, त्यांना दुकान माहीत नाही. दोघांनाही पिशवी माहीत आहे. अहमदाबादेत १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' ही संघटना उभी केली, तीत घरी बसून काम करणाऱ्या बायकाही होत्या. आपल्याकडच्या हातशिलाईच्या बायकांचे तसे काही माझ्या पाहण्यात आले नाही.

शेवटच्या आठवड्यात मी सगळा हिशेब मालकांना दाखवला. ते वाईट मनुष्य नाहीत. माझ्याकडून एक पैसा न घेता त्यांनी सहा आठवडे मला दुकानात बसू दिले आणि रोज चहा पाजला. त्यांनी पत्रक दोनदा वाचले. अस्तराची गोष्ट मान्य केली. न भिजवलेल्या अस्तरामुळे ब्लाउज परत आला तर कारागिराला दुरुस्तीचे ४० रुपये द्यायचे, असे त्यांनी त्याच दिवशी ठरवले, आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणात अस्तरे वाळत पडलेली दिसू लागली. ते स्वस्तच पडत होते, हे त्यांनाही कळले. हातशिलाईच्या बाबतीत मात्र ते म्हणाले, "पलीकडच्या गल्लीत तीनशेला शिवून देतात. मी दर वाढवला तर पिशवी तिकडे जाईल." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. दर नगामागे ९० पैकी १० रुपये सोडले तर काय बिघडते, असे मनात आले. पण मला आषाढही आठवत होता. आजही मला वाटते की वैशाखात तरी ते दहा रुपये सोडता आले असते.

महाविद्यालयात दिलेल्या अहवालात मी हातशिलाईपुढे २५ एवढेच लिहिले. पत्रकाच्या नमुन्यात वेळेचा रकानाच नव्हता, आणि गुण नमुन्याप्रमाणे होते.

आईचा हिरवा ब्लाउज मी हुकांसाठी मावशींकडे नेला. बाहीची पुन्हा लावलेली टीप त्यांनी बोट फिरवून पाहिली, काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी आणायला गेले तेव्हा मी चाळीस रुपये पुढे केले. त्यांनी वीस ठेवून घेतले आणि वीस माझ्या हातावर परत ठेवले. "दर वीसच आहे," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या उजव्या बाहीला मी आतनं चार टाके घातलेत. सुटत होती."