विद्युत फवारणी यंत्राची निवड

जबलपूर येथे १९६४ मध्ये कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले व १९८९ मध्ये तणांच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. कीड आणि तण हे दोन्ही शेतकऱ्याचे शत्रू. परंतु दोहोंसाठी लागणारा फवारा एकच नव्हे. तणनाशकासाठी पंख्याप्रमाणे चपटा, जाड थेंबांचा फवारा देणारे नोझल योग्य ठरते, कारण वाऱ्याने उडालेला थेंब शेजारचे पीक जाळू शकतो. किडीसाठी पोकळ शंकूच्या आकाराचा बारीक फवारा हवा. तो पानांच्या दाटीत शिरतो. म्हणून यंत्र निवडताना प्रथम नोझलचा विचार करावा, शक्तीचा नंतर.

हाताने दांडा मारण्याच्या पंपात हात थकला की दाब उतरतो. बॅटरीच्या पंपात दाब बराचसा स्थिर राहतो, हा त्याचा मोठा गुण होय. परंतु त्याच नोझलमधून दाब वाढला की द्रव अधिक बाहेर पडतो आणि थेंबही बारीक होतात. थेंबाचा व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच द्रवाचे आठपट थेंब होतात. ते हवेत अधिक काळ तरंगतात आणि फवारणाऱ्याच्या श्वासात जाऊ शकतात.

समजा, पंपातून मिनिटाला ०.६ लिटर द्रव बाहेर पडतो, फवाऱ्याचा पट्टा एक मीटर रुंद आहे आणि माणूस मिनिटाला ६० मीटर चालतो. अशा वेळी हेक्टरी १०० लिटर द्रव लागेल. नव्या पंपातून १.२ लिटर पडत असेल, तर २०० लिटर लागेल. मिश्रण पूर्वीइतकेच तीव्र ठेवल्यास विषाची मात्रा दुप्पट होईल.

हा हिशेब केवळ पैशाचा नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या सुमारास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. डोक्याइतके वाढलेले पीक, संरक्षक साधनांचा अभाव आणि जोरदार पंप यांची तेव्हा कारणे म्हणून चर्चा झाली.

म्हणून पंप घेतल्यावर त्यात प्रथम साधे पाणी भरावे, एक मिनिटभर फवारा भांड्यात धरून मोजावा, गळती पाहावी आणि मगच औषधाचे प्रमाण ठरवावे. दाब कमी-अधिक करता येणारे, नोझल बदलता येणारे आणि सुटे भाग जवळपास मिळणारे यंत्रच पत्करावे. हातमोजे, मुखपट्टी आणि अंगभर कपडे हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.