म्हैस भादरायची की नाही?

बाबू, दिवाळीतलं गायगोधन जवळ आलं की गावात भादरणारा फिरू लागतो आणि शेजाऱ्याची म्हैस चकचकीत दिसली की आपल्यालाही वाटतं, भादरून टाकू सगळ्या. थांब. आधी केसांत हात घाल.

मानेखाली, कानामागं, शेपटीच्या बुडाशी केस उलटे फिरवून उन्हात धर. मुळाशी पांढुरका दाणा दिसतो. बोटानं झटकून पडला तर तो कोंडा, चिकटून राहिला तर लीख. लिखा असतील तर भादरायलाच हवं. औषधानं उवा मरतात, लिखा केसाला धरून राहतात. दोनेक आठवड्यांनी औषध पुन्हा लाव, कारण उरलेल्या तोवर फुटलेल्या असतात. वस्तऱ्यानं कापलं असेल तिथं जखम भरेपर्यंत औषध नको. आणि प्रमाण पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच विचार, दुभती असेल तर दूध किती दिवस वापरायचं नाही हेसुद्धा.

वगारीकडं जास्त लक्ष दे. तिचे केस झिपरे, उवांना तिथंच आसरा. उवा रक्त पितात, वगार खुरटते. पण हडकलेली असेल आणि थंडी पडली असेल तर वस्तरा लावू नको. कातरीनं केस कमी कर, रात्री अंगावर गोणपाट टाक. म्हणूनच हे काम दिवाळीच्या आसपास उरकावं, पौषाच्या थंडीपर्यंत थोडे केस येतात. उन्हाळ्यात तर नकोच. वर्ध्याचं ऊन पंचेचाळिशी गाठतं, म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फार कमी. तेव्हा तिला सावली आणि पाणी हवं. डोहात बसून आली की अंगावरचा चिखल धुऊ नको, तेच तिचं पांघरूण.

कासेजवळचे, मांडीच्या आतले केस मात्र बाराही महिने आखूड ठेव. त्यांना चिकटलेलं शेण धार काढताना सरळ बादलीत पडतं. शेपटीचा गोंडा साफ करशील तर माशा कशानं हाकलणार ती? टोकाला जरा कातर, बस्स.

भादरणाऱ्याचं पातं दहा गोठ्यांतून आलेलं असतं. गजकर्ण तसंच पसरतं, माणसाच्या हातालाही लागतं. नवं पातं आपण द्यावं, चट्टे असलेलं जनावर सगळ्यात शेवटी घ्यावं. भरल्या दिवसांची म्हैस पाडून भादरू नये.

   

आणि आर्वी, आष्टी, कारंजाकडची आपली गवळाऊ गाय घेतलीस तर तिला हात लावू नको. तिचे पांढरे, आखूड केस ऊन परतवतात. तिला खरारा करायचा, वस्तरा कधीच नाही.