नकाशा रेखणारे आणि तपासणारे

२५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास नेपाळची भूमी हादरली. या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. डोंगरउतारांवरील गावेच्या गावे कोसळली. धान्य, औषधे आणि तंबू तेथे पोहोचवावयाचे, तर आधी वाट ठाऊक हवी. परंतु अनेक दुर्गम वस्त्यांच्या वाटा नकाशावर नीट दाखविलेल्याच नव्हत्या.

अशा वेळी देशोदेशीचे हजारो स्वयंसेवक आपापल्या घरी संगणकापुढे बसले. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा एक सामायिक नकाशा इंटरनेटवर आहे. स्टीव्ह कोस्ट या इंग्रज तरुणाने २००४ साली तो सुरू केला. हा नकाशा कोणालाही पाहता येतो आणि, विशेष हे की, कोणालाही त्यात भर घालता येते. भूकंपग्रस्त प्रदेशाचे लहान लहान चौकोन पाडण्यात आले. एकाने एक चौकोन घ्यावा, उपग्रहावरून टिपलेल्या चित्रात दिसतील ती घरे, रस्ते व मोकळी मैदाने रेखावी, आणि मग एखाद्या अनुभवी स्वयंसेवकाने तो चौकोन तपासावा, अशी पद्धत होती. काठमांडूतील ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ या संस्थेची मंडळी तर भूकंपानंतरचे धक्के सोसत हेच काम करीत होती.

रेखणाऱ्यांपैकी पुष्कळजण अगदी नवखे होते. नवख्याची नजर फसते. डोंगरातील पायऱ्यापायऱ्यांच्या शेताचा बांध वरून रस्त्यासारखा भासतो. घराची सावलीही घरातच धरली जाते. दोन रस्ते डोळ्यांना मिळालेले दिसतात, पण रेघांची टोके जोडायची राहून जातात. मग संगणकाच्या लेखी तेथे वाटच नसते! सर्वांत घातक चूक म्हणजे पाऊलवाटेला मोटारीचा रस्ता म्हणणे. त्या नकाशावर विसंबून निघालेली मालमोटार अर्ध्या डोंगरात अडकून पडावयाची आणि वरच्या गावातील माणसे तिची वाट पाहत बसावयाची.

अशी चूक दिसली म्हणजे तपासणाऱ्याने काय करावे? स्वतः दुरुस्त करून गप्प बसणे सर्वांत सोपे. तेवढा चौकोन सुधारतो खरा. परंतु रेखणाऱ्याला काहीच कळत नाही आणि पुढच्या दहा चौकोनांत तो तीच चूक करतो. बरे, ‘चूक आहे, पुन्हा करा’ एवढेच लिहून चौकोन परत पाठवावा, तर दिवसभराचे काम आटोपून, पैची अपेक्षा न धरता बसलेला तो मनुष्य हिरमुसतो. त्याला कोणी बांधून घातलेले नसते. तो उद्या येतच नाही. आणि नुसते ‘फार छान’ म्हणून चूक तशीच पुढे जाऊ देणे, याला तर सौजन्य म्हणताच येणार नाही.

जाणता तपासनीस साधारण असे लिहितो : ‘आपण घरे फार काळजीपूर्वक रेखली आहेत. उत्तरेकडचा रस्ता मात्र पुन्हा पाहावा. तो डोंगर सरळ चढून जातो. मोटारीचा रस्ता असा चढ वळणे घेत चढतो. त्यामुळे ही पाऊलवाट असावी असे वाटते. आपल्याला या भागाची माहिती आहे काय?’

या चार ओळींत चूक कोठे आहे हे सांगितले आहे आणि ती कशी ओळखावी हेही सांगितले आहे. घाईच्या दिवसांत एवढे लिहिण्यास सवड कोठून आणावी, असे कोणी म्हणेल. पण पहिल्या एकदोन चौकोनांवर खर्च केलेली ही पाच मिनिटे पुढे कित्येक तास वाचवितात. कारण ज्याला डोंगराचा चढ ओळखता आला, त्याच्या चौकोनांत तपासणाऱ्याला फारसे काम उरत नाही.

शेवटचा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नव्हे. उपग्रहाचे चित्र कधी जुने असते, कधी ढगांनी झाकलेले असते. जागेवर जाऊन पाहिलेल्या माणसाचे म्हणणे अशा चित्रापेक्षा या नकाशात अधिक मोलाचे मानतात. म्हणून तपासणाऱ्यालाही उत्तर ऐकून घ्यावे लागते. एखादे वेळी ते असे येते : ‘वाट बरोबर ओळखलीत, मी बदल केला आहे. पण खालचा पूल आपण काढून टाकलात, तो आहे. चित्रात तो झाडांखाली झाकला गेला आहे. मी त्यावरून गेलो आहे.’ मग तपासणारा आभार मानतो आणि पूल पुन्हा जागच्या जागी रेखतो.