घटक ५ : वित्तीय नियोजन – अभ्यास, व्यवसाय आणि भाषा

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर वित्तीय नियोजनाचे शिक्षण कोणत्या मार्गाने घेता येते हे आपणांस सांगता येईल, वितरक आणि सल्लागार यांतील भेद स्पष्ट करता येईल, तसेच वित्तीय मजकुरातील संदिग्ध शब्द ओळखून त्यांचे पुनर्लेखन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मराठीच्या पदवीधरापुढील व्यवसायांची चर्चा सहसा अध्यापन, पत्रकारिता आणि भाषांतर यांपाशी थांबते. परंतु आपल्यापैकी काहीजण आजच पतसंस्थेत काम करीत असतील, काहीजण अल्पबचतीचे वा विम्याचे प्रतिनिधी असतील. त्यांना या घटकाचा विषय परका वाटणार नाही.

एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न, खर्च, कर्ज, विमा, कर, मुलांचे शिक्षण, निवृत्ती आणि वारसा यांचा सुटा नव्हे, तर एकत्रित विचार करून पुढील वर्षांची आखणी करणे म्हणजे वित्तीय नियोजन होय. विमा विकणे किंवा शेअर सुचविणे हे त्याचे फार तर एक टोक. स्वतंत्र व्यवसाय म्हणून त्याचा इतिहास मोठा नाही. डिसेंबर १९६९ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे विमा आणि गुंतवणूक क्षेत्रांतील तेरा जण एकत्र आले. त्यांच्या विचारविनिमयातून या विषयाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली आणि १९७३ मध्ये ४२ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी ‘सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर’ म्हणजे ‘सीएफपी’ झाली. पुढे तेथील विद्यापीठांनी हा विषय पदवीच्या पातळीवर स्वीकारला. विक्रेत्यांच्या व्यवसायातून सल्लागाराचा व्यवसाय वेगळा काढण्याची ती धडपड होती. आपल्याकडे ती अद्याप चालू आहे.

५.२ शिक्षणाचे मार्ग

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. केवळ मराठीतील बी.ए.च्या बळावर आपणांस गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी मिळणार नाही. ही नोंदणी ‘सेबी’ करते आणि त्यासाठीचे विनियम २०१३ पासून लागू आहेत. त्यांत शैक्षणिक अर्हता आणि त्यासोबत ‘एनआयएसएम’ची प्रमाणपत्र परीक्षा अपेक्षित आहे. ही संस्था सेबीनेच स्थापन केली असून तिचा परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. म्हणून ज्यांना सल्लागारच व्हायचे आहे, त्यांनी बी.ए.नंतर वित्त, वाणिज्य, अर्थशास्त्र अशा एखाद्या विषयातील पदव्युत्तर शिक्षणाचा विचार आजच करावा. अर्हतेचे नियम अधूनमधून बदलतात. प्रवेश घेण्यापूर्वी सेबीच्या संकेतस्थळावरील मूळ विनियम वाचावेत. शिकवणी वर्गाच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

सीएफपीचा मार्ग निराळा आहे. त्यात अभ्यासक्रम, परीक्षा, प्रत्यक्ष अनुभव आणि नीतिनियमांची बांधिलकी अशा चारही गोष्टी लागतात. अभ्याससाहित्य इंग्रजीत असल्याने तेवढी तयारी ठेवावी लागेल. हे प्रमाणपत्र प्रतिष्ठेचे आहे, तथापि सेबीच्या नोंदणीची जागा ते घेत नाही.

म्युच्युअल फंडाचा वितरक किंवा विम्याचा प्रतिनिधी होणे तुलनेने सोपे आहे. त्या परीक्षा आटोपशीर असतात आणि कमाईस लवकर प्रारंभ होतो. अनेकांनी येथूनच सुरुवात केली आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र वितरकाला मोबदला विकलेल्या योजनेवरील दलालीतून मिळतो, तर नोंदणीकृत सल्लागाराला ग्राहकाने दिलेल्या शुल्कातून. कोणाचे हित कोठे गुंतले आहे, हे यावरून कळते. २०२० मध्ये सेबीने नोंदणी नसलेल्या वितरकांना आपल्या नावापुढे ‘सल्लागार’ या अर्थाची बिरुदे लावण्यास मनाई केली. एका शब्दासाठी नियामकाला नियम करावा लागला, याची भाषेच्या विद्यार्थ्यांनी विशेष नोंद घ्यावी.

५.३ भाषेचा प्रश्न

माझ्या नात्यातील एका गृहस्थांना निवृत्तीनंतर ‘हे पाच वर्षांचे आहे’ असे सांगून एक योजना देण्यात आली. रक्कम पाच वर्षे अडकून राहील, असा अर्थ त्यांनी घेतला. प्रत्यक्षात हप्ताच पाच वर्षे, दरवर्षी भरायचा होता. उपदानाच्या रकमेचा मोठा भाग पहिल्या हप्त्यात गेला. दुसऱ्या वर्षी सूचनापत्र आले तेव्हा त्यांना उलगडा झाला. पॉलिसी परत करण्याची मुदत कधीच उलटून गेली होती. सांगणारा खोटे बोलला असे म्हणता येत नाही. त्या वाक्याला दोन अर्थ होते आणि त्याने दुसरा सांगितला नाही, इतकेच.

मराठीत अशी स्थळे पुष्कळ आहेत. ‘परतावा’ हाच शब्द पाहा. प्राप्तिकर खात्याकडून जादा भरलेला कर परत येतो तोही परतावा, आणि गुंतवणुकीवर होणारी वाढ तीही परतावा. पहिला आपला हक्काचा पैसा, दुसरा अनिश्चित. ‘इतके टक्के परतावा मिळतो’ या वाक्यात पहिल्या अर्थाची निश्चिती दुसऱ्याला नकळत चिकटते.

व्याजाचेही तसेच. एक लाख रुपयांचे कर्ज एका वर्षासाठी ‘सरसकट १० टक्के’ दराने घेतले, तर व्याज १०,००० रुपये आणि मासिक हप्ता सुमारे ९,१६७ रुपये होतो. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, वर्षभर पूर्ण लाख रुपये आपल्या हाती नसतातच. घटत्या शिलकेवर हिशेब केल्यास हाच दर सुमारे १८ टक्के भरतो. ‘सरसकट’ या निरुपद्रवी विशेषणात आठ टक्के दडलेले आहेत.

‘नामनिर्देशित व्यक्ती’ला बोलण्यात आपण ‘वारस’ म्हणतो. ‘थोरल्याचे नाव वारस म्हणून लावले आहे’ हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या संदर्भात स्पष्ट केले, की नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. ती वारसा कायद्यानुसार किंवा मृत्युपत्रानुसार ठरते. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या सुधारणेनंतर पती-पत्नी, आईवडील किंवा मुले नामनिर्देशित असल्यास त्या रकमेवर त्यांचा लाभाचा हक्क मानला जातो. हा भेद वेळीच कोणी सांगितला असता, तर भावाभावांमधले कितीतरी वाद टळले असते. तो सांगण्यासाठी कायदा माहीत असावा लागतो आणि समोरच्या माणसाच्या बोलीत बोलता यावे लागते. दुसरी गोष्ट आपणांकडे आहे, पहिली शिकून घ्यावी लागेल.

५.४ स्वयं-अध्ययन

(अ) वितरक आणि नोंदणीकृत सल्लागार यांच्या मोबदल्यातील फरक दहा ओळींत लिहा.

(आ) घरातील एखादी विमा पॉलिसी किंवा कर्जाचा करार घ्या. त्यातील एक परिच्छेद बारावीपर्यंत शिकलेल्या व्यक्तीस समजेल अशा मराठीत लिहा आणि अशा व्यक्तीस वाचून दाखवा. तिने विचारलेला पहिला प्रश्न त्याखाली जसाच्या तसा नोंदवा. संपर्कसत्रात चर्चा त्या प्रश्नावर होईल.