नोंद का होत नाही? परवानगी आणि कुलूप

समजा, विज्ञान प्रदर्शनाच्या नावनोंदणीसाठी तुम्ही शाळेच्या संकेतस्थळावर एक पान तयार केले आहे. नावे साठवण्यासाठी एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरला आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेल्या या डेटाबेसचे वैशिष्ट्य असे, की त्याची सर्व माहिती एकाच फाइलमध्ये राहते. तुमच्या संगणकावर पान उत्तम चालले. पण लिनक्स सर्व्हरवर ठेवताच नोंदी होईनाशा झाल्या. कधी 'डेटाबेस केवळ वाचनासाठी आहे' अशा अर्थाचा संदेश येतो, तर कधी 'डेटाबेसला कुलूप आहे' असा. परिणाम एकच असला, तरी हे दोष अगदी निराळे आहेत. पहिल्यात प्रश्न असतो 'कोण लिहिणार?' आणि दुसऱ्यात 'केव्हा लिहिणार?'

कोण लिहिणार?

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक आणि एक गट असतो. मालक, गट व इतर या तिघांच्या परवानग्या तीन अंकांनी दाखवतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १, यांची बेरीज म्हणजे तो अंक. ६४४ याचा अर्थ, मालकाने वाचावे व लिहावे. बाकीच्यांनी फक्त वाचावे.

फाइल तुम्ही ठेवली, म्हणून मालक तुम्ही. पण सर्व्हरचा प्रोग्रॅम वेगळ्याच नावाने काम करतो. उबुंटूवर ते नाव सहसा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' असते. तो 'इतर' ठरतो आणि त्याला लिहिता येत नाही. उपाय सोपा आहे. फाइलचा गट सर्व्हरचा करावा आणि परवानगी ६६४ ठेवावी.

एवढे करूनही अडते! असे का? लिहिण्यापूर्वी एसक्यूलाइट जुन्या मजकुराची प्रत 'जर्नल' नावाच्या तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवते. मध्येच वीज गेली, तर तिच्या आधारे डेटाबेस पूर्वस्थितीत येतो. ही फाइल त्याच फोल्डरमध्ये निर्माण होते. म्हणून फोल्डरचा गटही सर्व्हरचा हवा आणि परवानगी ७७५ हवी. फोल्डरच्या बाबतीत १ म्हणजे आत शिरण्याची मुभा.

पुष्कळ जण कंटाळून सरळ ७७७ देतात. दोष जातो खरा; पण त्या सर्व्हरवर खाते असलेल्या कोणालाही मग नोंदी बदलता किंवा पुसता येतात. तसेच डेटाबेसची फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवावी. नाहीतर तिचा पत्ता ओळखणारा कोणीही विद्यार्थ्यांची सारी माहिती उतरवून घेईल.

केव्हा लिहिणार?

हजेरीपट चार जण एकदम वाचू शकतात. पण त्यात एका वेळी एकानेच लिहावे. एसक्यूलाइटचा नियमही असाच आहे. एक जण लिहीत असताना दुसरा लिहू लागला, तर त्याला कुलूप आढळते. मुळात एसक्यूलाइट वाट पाहत नाही, लगेच नकार देते. म्हणून प्रोग्रॅममध्ये थांबण्याची मुदत, उदाहरणार्थ ५ सेकंद, सांगून ठेवावी. बहुतेक लेखन त्याहून फार लवकर संपते.

कुलूप निघतच नसेल, तर कोणीतरी लेखन सुरू करून ते पूर्ण केलेले नाही, असे समजावे आणि तो प्रोग्रॅम शोधावा. मात्र जर्नल फाइल हेच कुलूप समजून ती कधीही पुसू नये. लेखन अर्धवट राहिले असेल, तर दुरुस्तीचे साधन तीच असते. ती गेली, की डेटाबेस कायमचा बिघडू शकतो.

करून पाहा

दोन खिडक्यांत एकच डेटाबेस उघडा. पहिलीत 'बिगिन इमिजिएट' ही आज्ञा द्या. आता दुसरीत नोंदी वाचा. त्या वाचता येतील. तेथेच नवी नोंद घाला; कुलपाचा संदेश येईल. मग पहिलीत 'कमिट' म्हणा आणि दुसरीत पुन्हा प्रयत्न करा. नोंद होईल. परवानगीचा दोष असता, तर कितीही वेळ थांबून ती झाली नसती. कारण वेळ गेल्याने कुलूप निघते, परवानगी मिळत नाही.