हॅम रेडिओ: नोकरी देत नाही, तरी शिकावा

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "यानं नोकरी लागते का?" नाही लागत. हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅमच्या परवान्यावर पैसे कमवायला नियमानंच मनाई आहे. मग आदिलाबादच्या मुलामुलींनी दहावी-बारावीच्या धबडग्यात हे कशाला शिकायचं?

जुलै 2022 आठवा. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या, आता निर्मलमध्ये गेलेल्या कडेम धरणात पाच लाख क्युसेकच्या आसपास पाणी येत होतं आणि सोडण्याची क्षमता तीन लाखांची. खालची गावं हलवावी लागली. अशा पुरात वीज गेली की मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासच तग धरते. सरकारी इशारे आता मोबाइलवर येतात, पण ते एकतर्फी. पाड्यावर किती माणसं अडकलीत, कोणतं औषध हवं, हे उलट कोण कळवणार? उपग्रहाशी थेट बोलणारे फोन आले की हॅम कालबाह्य होईल असं म्हणतात. मला पटत नाही. तो फोनही कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रणेवरच चालणार. हॅमला बॅटरी, तार आणि जाणकार माणूस पुरतो.

जाणकारी म्हणजे काय ते उटनूरच्या डोंगरांत कळतं. हातातला व्हीएचएफ सेट टेकडीआड गेला की मुका. पण 7 मेगाहर्ट्झसाठी साधारण 20 मीटर तार जमिनीपासून थोड्याच उंचीवर आडवी ताणली, तर लहरी जवळपास सरळ वर जातात आणि आयनांबरावरून परतून चहूकडे पसरतात. डोंगर आड येत नाही. दिवसा हैदराबाद आणि नागपूर दोन्ही टप्प्यात येऊ शकतात.

डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद हौसेखातर अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलायला गेल्या होत्या. 26 तारखेला त्सुनामी आली आणि तोच सेट पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवू लागला. ही मोहीम हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची होती. अशा वेळी भाषाही लागते, आणि आदिलाबादच्या जैनद-बेला भागातल्या मुलांकडे ते भांडवल आहे: मराठी, तेलुगू, हिंदी आणि अनेकांना गोंडीही. पैनगंगेच्या दोन्ही काठांचे निरोप असा ऑपरेटर न अडखळता घेईल.

आता करिअर. इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, पोलिसांचा बिनतारी विभाग, लष्कराची सिग्नल्स कोअर, आपत्ती व्यवस्थापन: इथे स्वतः अँटेना बांधलेल्या मुलाचं बोलणंच वेगळं असतं. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी रचलेला बिटएक्स हा स्वस्त सेट जगभरचे हौशी घरी जोडतात. महागड्या क्लासपेक्षा त्याची सोल्डरिंग मला जास्त मोलाची वाटते, क्लासवाले रागावतील.

परवान्यासाठी वयाची 12 वर्षं पूर्ण हवीत. अर्ज केंद्राच्या सरल संचार पोर्टलवर करायचा. परीक्षेत रेडिओचं तंत्र आणि नियम असतात. रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्स लागत नाही, जनरलला लागतो. परवाना हाती येईपर्यंत वेळ जातो, म्हणून बारावीच्या वर्षाची वाट पाहू नका. आठवी-नववीची सुट्टी बरी. सुरुवातीचा हातातला सेट काही हजारांत मिळतो, पण आधी परवाना. त्याशिवाय प्रसारण हा गुन्हा आहे, आणि ऑनलाइन विकणारा ते सांगेलच असं नाही.